आठ मीटर सरकलेला बांध

लातूरला समुद्र कुठाय, हा प्रश्न आम्हाला पहिल्या दिवसापासून ऐकावा लागला. विभागप्रमुखांनी विचारला, हार्डवेअरच्या दुकानदाराने विचारला, आणि ज्यांच्या रानाला लागून तलाव आहे त्या काकांनी तर दोनदा विचारला. समुद्राच्या तळाशी ठेवायचं, भूकंपाची जोरदार हालचाल नोंदवणारं यंत्र, आणि त्याची चाचणी औसा तालुक्यातल्या पाझर तलावात! हसू येण्यासारखंच आहे. पण या तलावाने आम्हाला जे शिकवलं ते प्रयोगशाळेतल्या टेबलावर शिकता आलं नसतं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात इन्स्ट्रुमेंटेशन शिकवतो. २०२४ च्या जुलैत, हिंगोली-नांदेडकडे ४.५ चा धक्का बसला त्या आठवड्यात, शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी सेमिनारसाठी विचारायला आली, "सर, किल्लारीचा ग्राफ कुठं मिळेल?" मुलगी किल्लारीची. भूकंपानंतर बऱ्याच वर्षांनी जन्मलेली, पण घरात ३० सप्टेंबर १९९३ रोज निघतो. विसर्जन करून लोक झोपले होते, पहाटे तीन छप्पन्नला माळवदं खाली आली.

असा ग्राफ नाही, हे तिला सांगताना मलाच चमत्कारिक वाटलं. ६.२ क्षमतेचा धक्का, बावन्न गावं जमीनदोस्त, हजारो माणसं गेली. आणि किल्लारीची जमीन त्या पहाटे नेमकी किती जोरात हालली याची जवळून घेतलेली नोंद नाही. दूरदूरच्या वेधशाळांत लाटा पोहोचल्या, नंतरच्या छोट्या धक्क्यांसाठी तात्पुरती यंत्रंही आली. मुख्य धक्क्याचा जोर मात्र पडलेल्या भिंतींवरूनच अंदाजावा लागतो. याउलट ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप घ्या. धरणाच्या गॅलरीत त्वरणमापी बसवलेला होता. त्याने गुरुत्व त्वरणाच्या ६३ टक्के इतका झटका नोंदवला आणि ती नोंद जगभरचे धरण-अभियंते आजही वापरतात. एका यंत्राचा फरक.

मग बोलता बोलता ती म्हणाली, "म्हणजे जिथं हालतं तिथं यंत्र नसतं." यावरून गाडी समुद्राकडे वळली. २६ डिसेंबर २००४ चा सुमात्रा, ११ मार्च २०११ चा जपानचा तोहोकू, हे सगळे महाभूकंप समुद्राखालचे. फाटतं तळाखाली, आणि यंत्रं बहुतेक किनाऱ्यावर.

हा प्रश्न नेटाने धरला गेला तो तेलाच्या प्लॅटफॉर्मांमुळे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत उभ्या असलेल्या प्लॅटफॉर्मांना भूकंपाचा किती जोर सोसावा लागेल, हे काढायला जमिनीवरच्या नोंदी चालतील का? तळावरची हालचाल वेगळी असली तर? त्यासाठी प्लॅटफॉर्मांजवळ तळाशी उपकरणं बसवली गेली. वीस वर्षांहून जास्त काळ तो कार्यक्रम चालला, आणि १९९९ मध्ये बूर आणि स्मिथ या संशोधकांनी त्याचा आढावा घेतला तेव्हा हाताशी महत्त्वाच्या नोंदी होत्या आठ भूकंपांच्या, सहा ठिकाणांवरच्या. क्षमता ४.७ ते ६.१. वीस वर्षांत आठ! विद्यार्थ्यांना हा आकडा मी मुद्दाम फळ्यावर लिहून दाखवला, कारण त्यांना डिसेंबरच्या आत निकाल हवा होता.

त्या आठ भूकंपांच्या नोंदींनी आणि जोडीच्या गणिताने सांगितलं ते मजेदार आहे. तळावर वर-खाली होणारी हालचाल जमिनीच्या मानाने फार कमी, विशेषतः जलद कंपनांत. आडव्या हालचालीवर डोक्यावरच्या पाण्याचा फारसा परिणाम नाही. उभ्या हालचालीत मात्र एका ठरावीक वारंवारतेला पाणी जवळजवळ खड्डाच पाडतं. पाण्याच्या थराची जाडी दाबलहरीच्या पाव लांबीइतकी झाली की तळ तिथे उभ्या दिशेने हालेनासा होतो. आपल्या मुंबई हायच्या तेलक्षेत्रात पाणी सुमारे ७५ मीटर. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला १,५०० मीटर धरला आणि त्याला ७५ च्या चौपटीने भागलं तर येतात ५ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला पाच कंपनं. मात्र त्याहून बऱ्याच खालच्या वारंवारतांना पाण्यापेक्षा तळाखालची मऊ माती जास्त ठरवते, असंही त्यांनी दाखवलं. मऊ, पाण्याने भरलेली माती. ती आमच्याकडे हवी तेवढी आहे.

यंत्राबद्दल थोडक्यात. त्रिअक्षीय मेम्स (चिपवरचा इवलासा) त्वरणमापी, मोबाइलमध्ये असतो त्याच जातीचा पण बरा. नोंद करणारं कार्ड, बॅटरी आणि घड्याळ. हे सगळं एका उभट अॅल्युमिनियमच्या नळकांड्यात, आणि नळकांडं सिमेंटच्या फरशीवर बोल्टने बसवलेलं, म्हणजे फरशी नांगराचं काम करेल. घड्याळाचं एक सांगायलाच हवं. जमिनीवरचं यंत्र जीपीएसकडून वेळ घेतं. पाण्याखाली तो सिग्नल पोहोचत नाही. साध्या क्वार्ट्झ घड्याळाची चूक दहा लाखांत एक भाग एवढीच धरली तरी दिवसाला ८६ मिलिसेकंद होतात, महिन्याला अडीच सेकंदांच्या वर. सेकंदाला सहा किलोमीटर धावणाऱ्या लाटेसाठी एका दिवसाची चूक म्हणजे अर्धा किलोमीटर. म्हणून पाण्यात सोडण्याआधी आणि काढल्यावर घड्याळ जीपीएसशी ताडून पाहायचं आणि मधली चूक सारखी वाटून टाकायची. समुद्रातली यंत्रंही असंच करतात.

पाणी आत शिरू नये यासाठी मुलांनी इंटरनेटवरून चार प्रकारचे ग्लँड, म्हणजे केबल पेटीत शिरते तिथे बसवायची बुचं, मागवले होते. बोअरच्या मोटारी काढणारे मामू कॉलेजसमोरून जाताना थांबले, ग्लँड हातात घेऊन पाहिले आणि म्हणाले, "ये सब ठीक है. लेकिन पाणी केबलच्या बाहेरून नाही येत, केबलच्या आतून येतं." पाणबुडी मोटारीचा जॉइंट गेला की तारेच्या पेडांमधून पाणी वर चढत जातं, हे त्यांनी शंभरदा पाहिलेलं. उपाय त्यांच्याकडेच होता: तारा सोलायच्या, प्रत्येक तार डाख देऊन बुजवायची, मग रेझिन ओतायचं. आम्ही ऐकून घेतलं आणि केलं नाही. पुढे ते आलंच.

दाबाची चाचणीही तलावात होणार नव्हती. दर दहा मीटर पाण्याला साधारण एक बार दाब वाढतो, आणि तलावात पाणी जेमतेम चार मीटर. एका विद्यार्थ्याने सुचवलं, आमच्या रानात सातशे फुटी बोअर आहे, त्यात सोडू. गेलो. पाणी साडेसहाशे फुटांवर. म्हणजे यंत्राच्या डोक्यावर पन्नास फूट पाणी, दीड बार! मराठवाड्यात खोली भरपूर मिळते, पाणी नाही. शेवटी बॉयलरची हायड्रो टेस्ट घेणाऱ्या एकाचा हातपंप आणून रिकामं नळकांडं ५० बारला एक तास ठेवलं. ते टिकलं, एवढंच त्याबद्दल.

खरी गोष्ट तलावाची. डिसेंबरात दुपारी नळकांडं तराफ्यावरून खाली सोडलं. तराफा म्हणजे ट्रॅक्टरच्या दोन ट्यूब आणि वर फळ्या. काठीने ठाव घेतला तेव्हा पाच फूट गाळ लागला, त्याखाली मुरूम. काळ्या रानातून वाहून आलेला गाळ, इतका मऊ की काठी आपल्या वजनाने निम्मी आत जाते. फरशी त्यावर टेकली. दुसरं तसंच यंत्र काठावरच्या उघड्या मुरमात घट्ट बसवलं, तुलनेसाठी. आता भूकंप कुठून आणायचा? बांधाची डागडुजी करायला जेसीबी आलेला होताच. ऑपरेटरला चहा पाजला आणि सांगितलं, काठावर बकेट जोरात आपट. काका बांधावर बिडी ओढत बसले होते. "काय करायलाव रं हे?" भूकंप करायलोय काका, असं किल्लारीच्या मुलीने सांगितलं, आणि काकांनी बिडी विझवली. त्यांच्या वयाच्या माणसाला या तालुक्यात तो शब्द थट्टेने ऐकता येत नाही, हे आमच्या नंतर लक्षात आलं.

जेसीबीने पाच वेळा बकेट आपटला. संध्याकाळी कार्ड लॅपटॉपला लावलं. काठावरच्या यंत्राच्या नोंदीत पाच सुबक काटे, प्रत्येकानंतर शांत रेघ. गाळातल्या यंत्राची रेघ वेगळीच. प्रत्येक काट्यानंतर सेकंदाला आठ-नऊ हेलकाव्यांची लांब शेपटी, आणि तिसऱ्या धक्क्यानंतर एका आडव्या अक्षाची रेघच खाली उतरली आणि तिथेच राहिली. शून्यापासून सुमारे १७ गॅल खाली, म्हणजे सेकंद वर्गाला १७ सेंटिमीटर.

मुलांनी पुस्तकात असतं तसं केलं. त्वरणाचं एकदा संकलन (इंटिग्रेशन, म्हणजे क्षणाक्षणाची बेरीज) केलं की वेग, पुन्हा केलं की विस्थापन. दहा सेकंदांच्या शेवटी उत्तर आलं साडेआठ मीटर. औशाच्या पोराने स्क्रीनवरून मान वर केली आणि बांधाकडे पाहिलं. बांध जागेवर होता. काका बांधावर होते.

"काका, बांध साडेआठ मीटर सरकला."

"कुणाच्या रानात गेला?" काका म्हणाले. बांध सरकल्याचे खटले त्यांनी आयुष्यात बरेच पाहिलेत.

आता उत्तर चुकलं कुठे? गणित बरोबर होतं. १७ गॅल दहा सेकंद टिकले तर वेग होतो सेकंदाला १७० सेंटिमीटर, आणि अंतर ८५० सेंटिमीटर. कॅल्क्युलेटरला दोष देता येत नाही. पण खरोखरचं त्वरण असं एका जागी बसून राहू शकत नाही. तसं असतं तर तलाव आणि काका अजूनही वेग घेत राहिले असते. मी मुलांना उभा अक्ष पाहायला लावला. तिथे काहीच हाललं नव्हतं, रेघ जिथल्या तिथे. खूण हीच. यंत्र एक अंश कलंडलं होतं. आडवा अक्ष एक अंश खाली झुकला की गुरुत्वाकर्षणाचा एक तुकडा त्यात उतरतो: ९८० गुणिले एक अंशाची ज्या (साइन), म्हणजे १७. उभ्या अक्षातून मात्र जेमतेम ०.१५ गॅल कमी होतात, डोळ्यांना दिसतही नाहीत. जमीन सरकली की यंत्र कलंडलं, हे त्वरणमापीला कळत नाही. त्याच्या लेखी दोन्ही एकच.

शेपटीचं कारणही तेच. उभट नळकांडं मऊ गाळावर उभं, म्हणजे दलदलीत खुर्ची टाकून बसल्यासारखं. धक्का संपला तरी ते आपल्या लयीत डोलत राहतं. आम्ही जमिनीचं म्हणून जे मोजलं त्यातलं अर्धंअधिक डोलणं यंत्राचं स्वतःचं होतं.

मुलं हिरमुसली. एकाने सॉफ्टवेअरमधलं बेसलाइन करेक्शनचं, म्हणजे उतरलेली रेघ शून्यावर आणायचं, बटण दाबलं आणि वक्र शहाण्यासारखा शून्यावर आला. "झालं सर." इथे मी जरा चढ्या आवाजात बोललो, त्याचं मला नंतर वाईट वाटलं, पण मुद्दा सोडणार नाही. एकाच झटक्यात एकदाच कल बदलला असेल तर रेघ सरळ करता येते. खऱ्या भूकंपात यंत्र मिनिटभर मागेपुढे झुकत असेल तर झुकणं किती आणि सरकणं किती हे त्या एका सेन्सरमधून वेगळं काढायला मार्ग उरत नाही. जोरात चाळणी (फिल्टर) लावली तर खोटं विस्थापन जातं, आणि त्याबरोबर खरंही जातं. त्सुनामीचा अंदाज बांधणाऱ्याला नेमकी तीच सावकाश, मोठी हालचाल हवी असते.

आमचा हा पराभव एकट्याचा नव्हता, हे मुलांना दाखवायला जपानची नोंद उपयोगी पडली. जपान खंदकालगत तळावर केबलने जोडलेली १५० ठाण्यांची जाळी आहे, एस-नेट नावाची. सेन्सर आडव्या, लांब नळकांड्यांत आहेत, उथळ भागात पुरलेल्या आणि खोल भागात तळावर नुसत्या ठेवलेल्या. जोरदार धक्क्यांत काही नळकांडी आपल्याच अक्षाभोवती किंचित फिरली आणि त्यांच्या नोंदींत हाच खोटा हिस्सा शिरला. २०११ च्या तोहोकू भूकंपात त्याआधीच्या केबलवरच्या ठाण्यांचंही असंच झालं होतं, आणि अशा नोंदीवर विसंबलं तर पूर्वसूचनेत क्षमतेचा अंदाज फुगू शकतो, हे संशोधकांनी दाखवलं. नानकाई खंदकाकडच्या डोनेट जाळ्यात मात्र दूरनियंत्रित पाणबुडीने सेन्सर तळात रोवलेल्या पिंपात उतरवून पुरलेले आहेत. कॅलिफोर्नियातल्या मंडळींनीही सेन्सर तळात वेगळा रोवला होता, नोंद करणारी पेटी बाजूला. म्हणजे उत्तर चाळीस वर्षांपूर्वीच लिहिलेलं होतं. आम्ही ते वाचलं होतं, आणि तरीही फरशी टाकली, कारण फरशी सोपी होती.

जानेवारीत दुसरी मांडणी. सेन्सर पेटीतून काढून दहा सेंटिमीटर व्यासाच्या, तीस सेंटिमीटर लांबीच्या बुटक्या कुपीत घातला. कुपी गाळाबरोबर हालायला हवी, तर तिची घनता गाळाइतकी हवी. जड असेल तर ती मागे रेंगाळते, हलकी असेल तर नाचते. तलावाच्या काठचा गाळ दहा लिटरच्या बादलीत काठोकाठ भरून किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला. बादलीचं वजन वजा जाता साडेपंधरा किलो. दुकानदाराने भाव विचारला. कुपीचं आकारमान सव्वादोन लिटरच्या थोडं वर, म्हणजे वजन साडेतीन-पावणेचार किलोच्या दरम्यान हवं. शिशाचे छर्रे टाकून ते जमवलं.

पुरण्याची युक्ती मामूंची. बोअरचा पाच इंची केसिंग पाइप तराफ्यावरून गाळात दाबायचा, आतला गाळ बादलीने उपसायचा, कुपी दोरीने तळापर्यंत सोडायची, आणि मग केसिंग वर ओढून घ्यायचा. गाळ आपोआप चहूबाजूंनी मिटतो. चार फुटांवर कुपी बसली. तिच्यापासून नोंदपेटीपर्यंतची केबल मुद्दाम सैल, सापासारखी वळवून ठेवली, कारण ताणलेली केबल पेटीचं डोलणं कुपीला सांगत राहते.

पुन्हा जेसीबी, पुन्हा पाच धक्के. या वेळी काकांना आधी सांगितलं. शेपटी जवळपास गेली, आणि आडव्या अक्षाची रेघ धक्क्यानंतर आपल्या जागी परत आली. दोनदा संकलन केल्यावर विस्थापन काही मिलिमीटरांत. काठावरच्या मुरमातल्या यंत्रापेक्षा गाळातला झटका मात्र मोठा आणि सावकाश होता, आणि हा फरक यंत्राचा नव्हता, गाळाचा होता. मऊ मातीत लाट मंदावते आणि फुगते. किल्लारीत काळ्या रानातलं घर आणि माळावरचं घर यांच्या गोष्टी वेगळ्या का सांगतात, हे त्या मुलीने त्याच संध्याकाळी मला विचारलं. त्यावर तिचा वेगळा प्रकल्प होईल.

तिसऱ्या दिवशी नोंद बंद पडली. पेटी काढली तर ग्लँड कोरडा ठणठणीत, आणि कार्डावर पाणी. केबलच्या आवरणाला एका ठिकाणी फळीचा खिळा लागला होता, तिथून पाणी तारांच्या पेडांतून आत चालत आलं होतं. मामूंना फोन केला. ते काही बोलले नाहीत, डाख द्यायची कांडी घेऊन आले.

एप्रिलमध्ये तलाव आटला. गाळ न्यायला ट्रॅक्टर येऊ लागले, तेव्हा कुपी काढून घेणं भाग होतं. दोरी ओढली, तुटली. भेगाळलेल्या गाळात खोऱ्याने खड्डा केला, कुपीचं डोकं दिसलं, आणि तरी ती निघेना. सुकताना काळ्या मातीने तिला आवळून धरलं होतं. शेवटी तिघांनी मिळून पहार घालून काढली. चांगली रुतल्याचा हा पुरावा होता. काकांनी खोरं टेकवून विचारलं, "समुद्रात हे कोण उकरणार?"

प्रश्न बरोबर आहे. समुद्रात यंत्र परत आणायची नेहमीची रीत म्हणजे वरून ध्वनीचा संकेत द्यायचा, नांगराचा फरशीसारखा भाग खालीच सुटतो आणि काचेच्या पोकळ गोळ्यांच्या तरंगण्यावर बाकीचं यंत्र वर येतं. त्यासाठी ते तळावर मोकळं असावं लागतं. पुरलेलं यंत्र वर येत नाही; त्याला पाणबुडी लागते, आणि पाणबुडीवाल्या जहाजाचं एका दिवसाचं भाडं आमच्या विभागाच्या वर्षाच्या बजेटमध्ये बसत नाही. मुलांनी यावर नवं रेखाटन केलंय: कुपी तळातच सोडून द्यायची, नोंदपेटी तेवढी वर आणायची, आणि दोघांमधली केबल विजेच्या प्रवाहाने गंजवून तोडायची. कुपीतला सेन्सर स्वस्त असतो, हे त्यात गृहीत आहे. पुढच्या तुकडीला तारेचा तो तुटणारा तुकडा बनवायचा आहे, आणि पावसाळ्यानंतर तलावात पुन्हा पाणी हवं आहे.